न बोलता केलेलं काम

अण्णा, तू गेलास त्या सकाळी मी तुझ्याशी भांडायला निघाले होते. मल्लेश्वरमहून येलहंक्याची बस मिळाली, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि तुला काय काय ऐकवायचं त्याची मी मनातल्या मनात उजळणी सुरू केली. तुझ्याशी वाद घालायचा तर तयारी लागायची. तू आवाज चढवायचा नाहीस, मधे तोंड घालायचा नाहीस, सगळं ऐकून घ्यायचास आणि शेवटी एकच वाक्य असं बोलायचास की समोरच्यानं रचलेलं सगळं खाली यायचं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला सख्ख्या भावानं असं निरुत्तर करावं, हे मला कधीच रुचलं नाही.

हेब्बाळच्या पुलाजवळ बस अडकून पडली होती तेव्हा वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "मंजू, कुठवर आलीस? सावकाश ये, आता घाई नाही," एवढंच म्हणाल्या. मला कळलं. मग त्यांनी सांगितलं की कॉफी अर्धी प्यायलास आणि खुर्चीतच मान टाकलीस, शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले. मी 'सरी' म्हटलं, म्हणजे 'बरं', आणि फोन ठेवला. सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर कुणी 'सरी' म्हणतं का? पण आपल्या घरात दूध आलं तरी सरी, पाहुणे आले तरी सरी. पिढ्यान्‌पिढ्या या गावात काढल्यावर जिभेला तेच कानडी वळण पडलेलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा लक्षात आलं की मी रडतेय.

आपला वाद एका वाक्याचा होता. राजाजीनगरला आपल्या समाजाच्या सभागृहात तुझा सत्कार ठरला होता. समाजाचा सचिव गुरुप्रसाद, माझा जुना विद्यार्थी, त्यानं तुझा दोन पानी परिचय लिहून आणला. मी ऱ्हस्वदीर्घ बघून दिलं आणि हौसेनं तुलाही पाठवलं. त्यात लिहिलं होतं: 'हाताखालच्या माणसाची चूक त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेतली, त्यापायी मोठं पद गमावलं, पण त्या माणसाचं नाव आजवर ओठावर येऊ दिलं नाही.' आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालास, "मंजू, ते वाक्य काढायला सांग. ते खरं नाही."

मी म्हटलं, पुरे झाला मोठेपणा. तू म्हणालास, काढलं नाही तर मी येणार नाही. आता पत्रिका वाटून झालेल्या, शाल आणलेली, म्हैसुरी पेटासुद्धा तुझ्या डोक्याचं माप घेऊन बांधून ठेवलेला. आणि सत्कारमूर्ती म्हणतोय, येणार नाही. म्हणून मी सकाळी उठून बसनं निघाले होते. फोनवर तुला वळवता येत नाही, समोर बसून कदाचित आलं असतं.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक, म्हणजे मी काय धरून बसले होते ते कळेल.

तुमच्या खात्यानं बांधलेल्या त्या उपग्रहावर बरीच उपकरणं होती. त्यातलं एक लहानसं, सूर्याकडून येणारे अतिनील किरण मोजणारं, एका विद्यापीठातल्या मंडळींनी बनवलेलं. धूळ बसू नये म्हणून अशा सगळ्या उपकरणांच्या डोळ्यांवर झाकणं असतात, आणि प्रत्येक झाकणाला लाल फीत असते, कारण उड्डाणापूर्वी ती काढायची असतात आणि लाल रंग कुणाच्या नजरेतून सुटत नाही. हे मला तूच एकदा इडली खाताखाता समजावलं होतंस. उपग्रह वर गेला, बाकीची उपकरणं कामाला लागली, आणि ते एक आंधळंच राहिलं. त्याचं झाकण खाली कुणी काढलंच नव्हतं. शेवटची तपासणी तुझ्याकडे होती. तू म्हणालास, चूक माझी. पुढची मोहीम तुझ्याकडे येणार हे ठरल्यासारखं होतं, ती दुसऱ्याकडे गेली. तुला प्रशिक्षण विभागात पाठवलं, नव्यानं भरती झालेल्यांना शिकवायला, आणि तिथूनच तू निवृत्त झालास.

घरात कुणीही यावर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? तू विसरणारा माणूसच नव्हेस. उपग्रहाची जुळणी चालू असली की तू केसांना तेल लावायचा नाहीस, तोंडाला पावडर नाही, कपाळाला गंध नाही, कारण त्या तुमच्या स्वच्छ खोलीत धुळीचा कणसुद्धा चालत नसे. ऐन दिवाळीत, अभ्यंगस्नान झाल्यावर, आईनं लावलेलं कुंकू तू नळाखाली धुऊन टाकलंस आणि कामावर गेलास. आई दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तू आलास आणि तिच्यापुढे कपाळ धरून बसलास, "आता लाव, उद्या सकाळपर्यंत पुसत नाही." तिनं अख्ख्या कपाळभर मळवट भरला तुझ्या. असा माणूस झाकण काढायचं विसरेल, हे कुणाला पटावं?

आणि दुसरं म्हणजे आपले अप्पा. मल्लेश्वरमातलं त्यांचं शिलाईचं दुकान, लग्नाचे कोट शिवायचं. कोट शिवताना आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालतात आणि पक्की शिलाई झाली की ते उसवून काढतात. एका वकिलाच्या मुलाचा कोट गेला आणि नेमका खांद्यावरचा कच्चा दोरा तसाच राहिला. नवरदेव मांडवात उभा, काळ्या कोटावर पांढरा दोरा, आणि बायका पदराआड हसतायत. शिवणाऱ्याची अब्रू याहून जास्त जायची नाही. अप्पा स्वतः मांडवात गेले, सगळ्यांदेखत तो दोरा काढला आणि वकिलांपुढे हात जोडून म्हणाले, माझ्या हातून राहिला. राहिला होता मुनियप्पाच्या हातून. कारागीर मुनियप्पा, त्याची बायको त्या आठवड्यात आजारी होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अप्पांनी मुनियप्पाला त्यावरून एका शब्दानं कधी टोचलं नाही.

तेव्हा तुझं झाकणाचं प्रकरण झालं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघून म्हणालो, अप्पांचाच मुलगा. कुणीतरी मुनियप्पा तुझ्याही हाताखाली असणार, कुणा पोराची नोकरी जाऊ नये म्हणून तू पुढे झाला असणार. आईला तर शेवटच्या आजारातही तेच समाधान होतं. तुला मोठी खुर्ची मिळाली नाही याचं तिला वाईट वाटायचं, पण वाटता वाटता मान ताठ व्हायची.

मी मास्तरीण. चांगली गोष्ट हाती लागली की ती वर्गात सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. दर वर्षी नव्या वर्गाला मी अप्पांचा कोट सांगायचे आणि त्याला जोडून तुझं झाकण. मुलं गणित विसरली, ही गोष्ट विसरली नाहीत. एकदा तुलाच मी शाळेत बोलावलं होतं, आठवतं? मुलांनी विचारलं, तुम्ही अंतराळात गेला होता का. तू म्हणालास, नाही, मी खालीच असतो, झाकणं लावतो आणि काढतो. मुलं हसली. मग एका मुलीनं विचारलं, सर, तुमच्याकडून कधी चूक झाली का. तू म्हणालास, हो, मोठी, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळलास, काहीतरी काढून दाखवणार होतास. मी लगेच उठले आणि मुलांना म्हटलं, बघा, थोर माणसं अशी असतात, दुसऱ्याची चूकसुद्धा आपली म्हणतात. टाळ्या पडल्या. तू खडू खाली ठेवलास आणि हात झटकलेस. हा गुरुप्रसाद त्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसला होता.

परतीच्या वाटेवर आपण आठव्या क्रॉसच्या गल्लीशी आलो. तिथं तू म्हणालास, अप्पांची गोष्ट वेगळी होती. मला वाटलं, विनय. मी तुझं बोलणं विनयाच्या खात्यात टाकलं की तू हरायचास, कारण विनयाला उत्तर नसतं. आता कळतं की तुला निरुत्तर करायची हीच एक युक्ती मला सापडली होती.

पण अण्णा, थोडा दोष तुझाही आहे, आणि तू गेलास म्हणून तो मी माफ करणार नाही. खरं बोलताना माणसाचा चेहरा जरा तरी खरं बोलल्यासारखा दिसावा. तू 'चूक माझी' हे 'भात झालाय' अशा आवाजात सांगायचास. ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात कंप. ज्याची खरंच चूक झाली तो इतका शांत असतो का, असं आम्हाला वाटायचं. तू एकदा तरी कोसळला असतास तर आम्ही त्याच दिवशी विश्वास ठेवला असता.

त्या शेवटच्या फोनवर मी तुला पुन्हा तेच ऐकवलं, की तू अप्पांच्या वळणावर गेलास आणि ते सांगायला तुला लाज का वाटते. मागे वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली. मग तू म्हणालास, "मंजू, अप्पांनी मुनियप्पासाठी खोटं सांगितलं, ते बरोबर केलं. माझ्यामागे मुनियप्पा नव्हता. मी खरं सांगतोय." मी म्हटलं, उद्या येते, समोरासमोर बोलू. तू म्हणालास, ये, येताना मल्लेश्वरमच्या बाजारातून अवरेकाई आण, इथं चांगली मिळत नाही. मी आणली होती. हेब्बाळच्या पुलावर ती पावट्याच्या शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. तुझी लेक वीणा पुण्याहून आली, तिनं सगळं नीट केलं, तुझ्यासारखंच, आवाज न करता. तुझ्या खात्यातली माणसं रोज येत होती. आम्हाला त्यांची नावं ठाऊक नव्हती आणि त्यांना वहिनींच्या कॉफीची चव ठाऊक होती, यावरून तू घरी काय सांगायचास आणि त्यांना काय सांगायचास याचा अंदाज आला.

एका दुपारी एक बाई आल्या. डोक्याचे केस निम्मे पांढरे, साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. इथल्याच एका संस्थेत प्राध्यापक आहेत, नाव सुनंदा. मूळच्या निपाणीकडच्या, तिकडच्या बायका बोलतात तशा 'मी येतो, मी जातो' असं बोलणाऱ्या. वहिनी आत वीणाबरोबर होत्या, म्हणून मीच त्यांच्याजवळ बसले. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी तीच गोष्ट काढली, माझ्या भावानं कसा दुसऱ्याचा दोष पोटात घातला. त्यांनी पेला खाली ठेवला.

"अक्का, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "ते उपकरण माझं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या वेळी त्या जेमतेम पदवीधर झालेल्या, आणि त्या उपकरणातला किरण टिपणारा भाग त्यांनी स्वतःच्या हातानं, एका नव्या पद्धतीनं बनवला होता. मोठ्यांचा त्या पद्धतीवर भरवसा नव्हता. उपकरण आंधळं निघालं तेव्हा सगळ्यांनी तेच गृहीत धरलं, की पोरीचं नवं खूळ, मेलं ते वर जाऊन. झाकणाचा कुणाला संशयही आला नाही, कारण लाल फितीची सगळी झाकणं काढून, मोजून, सह्या होऊन जागेवर होती. राहिलं होतं ते त्यातलं नव्हतंच.

तुमच्या खात्यात नियम होता ना, अण्णा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते करायचं आणि केल्यावर मोठ्यानं सांगायचं. न बोलता केलेलं काम झालं असं धरायचंच नाही. त्या दिवशी उड्डाणतळावर सगळी झाकणं निघाल्यावर त्या उपकरणाच्या वर तार धरून ठेवणारी एक पकड सैल आढळली. कारागीर वरच्या अंगाला चढून ती आवळणार होता. वरून एखादा कण पडला तर? म्हणून तू पिशवीतलं जादा झाकण काढलंस, फीत नसलेलं, साधं, आणि त्या डोळ्यावर बसवलंस. त्या बाजूच्या पायरीवर तू एकटाच होतास. वाचणारा कुणी नव्हता, म्हणून तू ते बोलला नाहीस. पकड आवळून झाली. तेवढ्यात खालून निरोप आला की समुद्रावर वारा वाढतोय, उपग्रहावरचं कवच लवकर बंद करा. आणि तू खाली उतरलास.

जास्तीची काळजी घेतलीस म्हणून चुकलास, अण्णा. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक होऊच शकली नसती.

सुनंदाबाई म्हणाल्या, "मोठी बैठक होती. मी मागच्या रांगेत बसलो होतो, माझं तोंड एवढंसं झालतं. माझ्या पद्धतीवर शेवटचा शेरा मारायलेच होते, आणि सर उभारले. म्हणाले, 'मी एक झाकण लावलं होतं. लावल्याचं मला आठवतं, काढल्याचं आठवत नाही. ते माझ्या पिशवीतही नाही. उपकरणाला दोष देऊ नका.' त्यांना विचारलं नव्हतं अक्का कुणी. ते बोलले नसते तर कुणाला कधी कळलं नसतं."

मी विचारलं, मग तुमचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, तोच भाग त्यांनी पुन्हा बनवला, नंतरच्या एका उपग्रहावर तो गेला, आणि अजून चालतोय. त्यांच्या हाताखाली आता मुलं त्यावरच संशोधन करतात. त्यांनी हे असं सांगितलं जसं कुणी मुलीच्या सासरचं क्षेम सांगावं.

आणि मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त लागलं. प्रशिक्षण विभागात तू प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला तास या झाकणानं सुरू करायचास. फळ्यावर ते उपकरण काढायचास, पायरी काढायचास, आपण कुठं उभे होतो तिथं फुली मारायचास, आणि म्हणायचास, इथं उभा राहून मी एक काम न बोलता केलं. तुझ्या खात्यात आज जे कुणी चाळिशीच्या आसपास आहेत त्या सगळ्यांना ही फुली ठाऊक आहे. म्हणजे बघ, एकाच गावात, बहीणभाऊ दोघं मास्तर, एकाच झाकणाची गोष्ट दोन वर्गांत सांगत होतो. तुझ्या वर्गात तू चुकलेला होतास आणि माझ्या वर्गात तू हुतात्मा.

सुनंदाबाई गेल्यावर मी त्यांचा पेला उचलला. मला तुझं ते घर बंद करणं आठवलं. आपण सगळे उडुपीला निघालो होतो, गाडी दारात, आणि तू उंबऱ्यात उभा राहून मोठ्यानं विचारत होतास: "गॅस?" आतून वहिनी: "बंद." "नळ?" "बंद." "मागचं दार?" "बंद." आम्ही गाडीत पोट धरून हसत होतो. मी तुला म्हटलं, अण्णा, घर आहे हे, रॉकेट नव्हे. तूही हसलास. पण हे तुझं विचारणं आधी नव्हतं रे. आईच्या घरी तू कधी कुलूपसुद्धा ओढून बघितलं नाहीस. ते त्या वर्षानंतर सुरू झालं. आम्ही त्याला तुझं वेड म्हणत होतो. तू कोसळला नाहीस असं मी मघाशी म्हटलं, ते मागे घेते.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? त्या दाण्याची चटणी डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं की. ज्या दिवशी बैठकीत बोलले त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं."

"मग आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"ते स्वतः बोलत होते, मंजू. तुम्ही त्यांचं ऐकत नव्हता, माझं ऐकलं असतं?" डब्याचं झाकण लावून त्या पुढे म्हणाल्या की सुरुवातीला तुला त्रास व्हायचा. घरी आलास की म्हणायचास, ऑफिसात मी चुकलेला आहे आणि तिथं लोक माझ्याशी नीट वागतात, आपल्या माणसांत मी देव आहे आणि तिथं मला गुदमरतं. नंतर तू ते बोलणं सोडून दिलंस. पण सत्काराचा कागद आला त्या दिवशी पुन्हा अस्वस्थ झालास. म्हणालास, आता हे लिहून राहणार, आणि लिहिलेलं कुणी खोडत नाही.

सत्काराची तारीख समाजानं बदलली नाही. त्याच दिवशी, त्याच सभागृहात शोकसभा ठेवली. शाल तुझ्या फोटोवर घातली. पेटा फोटोपुढे तबकात ठेवला होता, तो बघून मला एकदम भडभडून आलं, कारण माप अगदी बरोबर होतं. मला वाटलं होतं की तो जुना कागद आता बाजूला पडला असेल, कुणीतरी चार शब्द उत्स्फूर्त बोलेल. पण गुरुप्रसाद व्यवस्थित मुलगा आहे. लिहिलेलं वाया जाऊ देणारा नाही. त्यानं 'आहेत' खोडून सगळीकडे 'होते' केलं आणि तेच परिचयपत्र वाचायला उभा राहिला. जन्म, शिक्षण, नोकरी. त्याचा आवाज चांगला आहे, लोक मन लावून ऐकत होते. मग ते वाक्य आलं. 'हाताखालच्या माणसाची चूक त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेतली,' आणि सभागृहात ती ओळखीची कुजबुज झाली, कौतुकाची. पुढच्या रांगेतल्या बाळूमामांनी डोळे पुसले. तुला ठाऊक आहे ना बाळूमामांचं, ते डोळे सहज पुसत नाहीत.

तुला ज्याची भीती होती ते माझ्यासमोर चाललं होतं. मी गप्प बसले असते तर तुला त्या गोष्टीतून बाहेर काढायला आता कुणीच उरलं नव्हतं. तू तर येणार नव्हतास.

मी उठले आणि म्हटलं, गुरु, थांब. तो थांबला. मी माइकजवळ गेले. माइक दोन्ही हातांनी धरला. आयुष्यभर वर्गापुढे उभी राहिलेली बाई मी. मी म्हटलं, "हे वाक्य खरं नाही. ते झाकण माझ्या भावानंच लावलं होतं, आणि तोच काढायचं विसरला. दुसऱ्या कुणाची चूक नव्हती."

बाळूमामा जागेवरून म्हणाले, मंजू, गेलेल्या माणसाबद्दल आज असं बोलू नये. कुणीतरी मागून 'बसा अक्का, बसा' म्हणालं, प्रेमानंच, मला दुःखानं भ्रम झालाय असं समजून. मी वहिनींकडे पाहिलं. त्या फोटोशेजारी बसल्या होत्या. त्यांनी बाळूमामांकडे वळून, रोजच्या आवाजात सांगितलं, "बरोबर बोलतेय ती. ते हेच सांगत होते."

मग मी सगळं सांगितलं, ती सैल पकड, तो वारा, ती बैठक, आणि मागच्या रांगेत बसलेली मुलगी. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी हवेत बोटानं पायरी काढतेय आणि तू उभा होतास तिथं फुली मारतेय. मी काही तुझा वर्ग पाहिला नव्हता. पण कदाचित तू असंच काढत असशील. मला तुझा अभिमान वाटत होता, अण्णा, इतकी वर्षं वाटला त्याहून वेगळा, आणि या वेळी तो खरोखर तुझ्याबद्दल होता.

गुरुप्रसाद कागद हातात धरून तसाच उभा होता. माइक चालूच होता, त्यामुळे तो हळू बोलला तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मिस, आम्हाला तर तुम्हीच शिकवलं होतं हे."

"हो. चुकीचं शिकवलं."

"मग आता काय वाचू?"

मी त्याला सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं, मी सांगितलं ते वर लिहिलं, आणि वर्गात उभं राहून उत्तर वाचावं तसं सावकाश वाचलं: "त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. ती कुणालाच ठाऊक नव्हती. ती त्यांनी सांगितली."